जळक्या तारांची भिंत

त्याला एक नाव होतं, पण ते कागदोपत्री. गल्ली त्याला कडूमिस्त्री म्हणायची आणि त्यात गल्लीची काही चूक नव्हती. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या या माणसाच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की आधी बोलणी खायचं आणि मग स्टुलावर बसायचं. तरी लोक यायचे. त्याच्या हातची गाडी परत कधी बंद पडत नाही, हे त्याला शिव्या घालणारेही कबूल करायचे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे जेमतेम एक गाडी मावेल एवढी जागा, मागे फळीवर वायरींची भेंडोळी आणि डाव्या भिंतीवर, खिळ्यांना टांगलेल्या, जळक्या तारा. चाळीस वर्षांत ज्या ज्या गाडीला आग लागली किंवा लागता लागता राहिली, तिच्यातली वीतभर तार त्याने कापून ठेवली होती. प्रत्येक तारेला पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एकच ओळ. आग कशाने लागली, एवढंच. 'फ्यूजच्या जागी खिळा.' 'मालकाची हौस.' 'सांध्याला टेप नाही, मेकॅनिक मात्र शहाणा.' कुणाचं नाव तो लिहीत नसे.

आणि खिशात दहा नंबरचा पाना. सदऱ्याचा खिसा फाटतो म्हणून बायको वैतागायची, पण तो ऐकेल तर शपथ. आग लागली की पहिली बॅटरीची तार सोडायची असते आणि तेव्हा पाना कुठे ठेवलाय ते शोधत बसायला कुणाला वेळ असतो? लेकीच्या लग्नातल्या एका फोटोत नव्याकोऱ्या कोटाच्या खिशातून त्या पान्याचं टोक डोकावतंय. बायको तो फोटो पाहुण्यांना दाखवत नाही.

त्याचा सगळ्यात जास्त राग जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांवर. "रंग लावतील, चामड्याच्या सीटा लावतील, चकाकी बघून स्वतःवरच खूश होतील. आणि आतली वायर? ती आजोबांच्या वेळची! हात लावला तर आवरणाचा भुगा पडतो. त्यात यांना दिवे हवेत लख्ख!" मग तो गिऱ्हाइकाला भिंतीपाशी न्यायचा. जुन्या गाडीत दिव्यांची सगळी वीज डॅशबोर्डवरच्या एवढ्याशा स्विचमधून जाते. ती वायर आणि तो स्विच पंचेचाळीस वॅटच्या दिव्यांसाठी केलेला. त्यावर शंभर वॅटचे दिवे लावले की दिवे पेटतात झकास, पण वायर आतल्या आत तापत राहते. लावायचेच असतील तर बॅटरीपासून जाड वायर न्या, तिला तिचा वेगळा फ्यूज द्या, मध्ये रिले बसवा. स्विचने फक्त हुकूम सोडायचा, ओझं रिलेने उचलायचं. एवढं ऐकूनही कुणी "राहू द्या हो, नुसते बल्ब बदला" म्हणालं, तर कडूमिस्त्री त्याच्या गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकायचा आणि म्हणायचा, "चालत जा घरी. जिवंत तरी पोचशील."

असा हा माणूस फक्त एका माणसापुढे गप्प बसायचा. जावयापुढे.

त्याला कारण घडलं होतं. लेकीच्या लग्नाला वर्ष झालं तेव्हा तो तिच्या घरी गेला होता. जावयाने एका बारक्या वायरीवर हीटर, इस्त्री आणि टीव्ही असं सगळं लटकवलेलं त्याने पाहिलं आणि जावयाच्या आईसमोर त्याला गाढव म्हणाला. एकदा नाही, तीनदा. त्यानंतर लेक सात महिने माहेरी आली नाही. फोनही आईलाच करायची. पुढे नात झाली आणि तिला घेऊन ती पुन्हा यायला लागली. तेव्हा बायकोने त्याला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं, "अहो, जगाला काय बोलायचं ते बोला. जावयासमोर तोंडाला कुलूप. लेक पुन्हा दुरावली आणि तिच्याबरोबर नातही गेली, तर मी या घरात राहणार नाही." तेव्हापासून कुलूप पक्कं होतं.

जावयाने यंदा स्वतःच्या आजोबांची मोटार, गोठ्यातून काढावी अशा अवस्थेतली, बाहेर काढली. शेहेचाळीस वर्षांची गाडी. इंजिन दुसऱ्याकडून करून घेतलं, रंग दिला, आणि एका शनिवारी सासऱ्याला दाखवायला घेऊन आला.

"बाबा, दिवे बघा! मोबाइलवर व्हिडिओ बघून शंभर वॅटचे मीच बसवले. महिना झाला, तक्रार नाही."

भर दुपारी दिवे डोळ्यांत घुसत होते. कडूमिस्त्रीने दार उघडलं आणि स्विचवर बोट ठेवलं. बोट आपोआप मागे आलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात दारातून बायकोने डोळे वटारले. तिच्या कडेवर नात होती.

"छान आहेत," तो म्हणाला. "दोन दिवस ठेवून जाता का गाडी? जरा नजरेखालून घालतो."

"कशाला तुम्हाला त्रास? तुम्हाला बाबा नवीन काही पटतच नाही!" जावई हसला. लेकही हसली. कडूमिस्त्रीसुद्धा हसला, आणि असं खोटं तो आयुष्यात हसला नव्हता.

सगळे जेवायला बसले तेव्हा पाणी आणायच्या निमित्ताने तो बाहेर आला. फ्यूजचं झाकण काढून पाहतो तर दहा अँपिअरच्या जागी पस्तीसचा फ्यूज, म्हणजे वायर जळली तरी न उडणारा! त्याने तो काढून खिशात घातला आणि दहाचा बसवला. त्याचा हिशेब सरळ होता. हा फ्यूज एक-दोन दिवसांत उडणार. उडाला की जावई फोन करणार, गाडी आपणहून दुकानात येणार, आणि कुणालाही गाढव न म्हणता काम होऊन जाणार. जे आपल्याला बोलायचं ते फ्यूजच बोलेल. या युक्तीवर तो इतका खूश झाला की आत येऊन त्याने दोन घास जास्तच खाल्ले. जन्मभर लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसाने त्या दिवशी असं केलं!

आठवडाभर फोन आला नाही. तो रोज बायकोला विचारायचा, "लेकीचा फोन? गाडीचं काही म्हणाली?" बायको म्हणायची, "शनिवारी येतायत ना. चार दिवस फिरायला चाललेत, जाताना डबा घेऊन जातील. तेव्हा विचारा. आणि गोडीने विचारा."

शनिवारी सकाळी दाट धुकं होतं. गाडी दिवे लावूनच आली. जावयाने इंजिन चालूच ठेवलं. मागच्या सीटवर नात पट्ट्यात बांधलेली, पुढे लेक. बायको खिडकीतून डबा देत होती. कडूमिस्त्री पायरीवर उभा होता. दिवे लागलेत, तेही तसेच लख्ख, म्हणजे फ्यूज उडालेला नाही. का उडाला नाही? तो पायरी उतरला आणि त्याला वास आला.

तो वास चुकणं त्याला शक्य नव्हतं. त्या भिंतीवरच्या प्रत्येक तारेला एके काळी तोच वास होता.

"उतरा!" तो ओरडला. "पोरीला काढ! आधी पोरीला काढ!"

डॅशबोर्डखालून धूर आला. जावयाने स्विच दाबला, स्विच मेणासारखा बोटाला चिकटला. त्याने किल्ली फिरवली, इंजिन बंद पडलं, दिवे चालूच. लेक मागे वळून पट्टा सोडवायला लागली आणि पट्टा सुटेना. बॉनेट उघडायला दोन झटके लागले. कडूमिस्त्रीने खिशातला पाना काढला, नट फिरवला, बॅटरीची तार ओढून काढली. बोटांची सालं निघाली. दिवे विझले. डॅशबोर्डखाली एक पिवळी जीभ अजून वळवळत होती, ती बायकोने आणलेल्या ओल्या पायपुसण्याने दाबली. पट्टा एकदाचा सुटला होता आणि लेक पोरीला घेऊन फाटकाबाहेर उभी होती. पोर खोकत होती आणि खोकता खोकता रडत होती.

त्याने फ्यूजचं झाकण उघडलं. आत फ्यूजभोवती चॉकलेटची चांदी गुंडाळलेली होती; फ्यूज उडाला तरी वीज चांदीतून वाहतच होती.

"गाढवा!" कुलूप तुटलं. "अरे गाढवा, मागे पोर बसते ना तुझी! फ्यूजला चांदी गुंडाळतोस?"

जावई स्विचला चिकटलेलं बोट पुसत होता. "बाबा, मंगळवारपासून सारखा उडायला लागला. दुसरा टाकला, तोही उडाला. आधीचा महिनाभर टिकला होता. अचानक काय झालं, मला कळेचना."

कडूमिस्त्रीने खिशात हात घातला. पस्तीसचा फ्यूज आठवडाभर पान्याबरोबर तिथेच होता. तो त्याने तळहातावर धरला.

"मी बदलला होता," तो म्हणाला. "गेल्या शनिवारी. तुम्ही जेवत होतात तेव्हा."

लेक फाटकातून आत आली. "म्हणजे शनिवारीच कळलं होतं तुम्हाला?"

"स्विच तापला होता."

"मी रोज संध्याकाळी हिला पाळणाघरातून याच गाडीने आणत होते, बाबा. रोज! दिवे लावून!" तिचा आवाज अगदी बापाचा होता. "रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची किल्ली काढून घेता तुम्ही. त्याला चालत पाठवता. आणि माझ्या पोरीच्या वेळेला तुम्हाला गोड बोलायचं सुचलं?"

"तू परत आली नसतीस. सात महिने..."

"नसते आले! रुसून माझ्या घरी बसले असते. जिवंत बसले असते ना पण!"

त्या शनिवारी वटारलेले डोळे बायकोचेच होते आणि ते तिलाही आठवत होतं. लेक पोरीला घेऊन बसने गेली.

पुढचे तीन रविवार जावई एकटाच दुकानात आला. आजोबांच्या गाडीतली एकूण एक वायर दोघांनी मिळून काढली. नव्या वायरी टाकल्या, बॅटरीजवळ फ्यूज आणि रिले बसवले. कडूमिस्त्रीने त्याला दिवसाला दहादा तरी गाढव म्हटलं आणि जावई निमूटपणे पक्कड पुढे करत राहिला. चौथ्या रविवारी लेक आली. पोरीला पायरीवर बसवून सरळ डॅशबोर्डखाली वाकली आणि म्हणाली, "दिवे लावा. अर्धा तास लावून ठेवा." अर्ध्या तासाने तिने स्वतः स्विचवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. मग पोरीला उचललं आणि बापाशी एक अक्षरही न बोलता गाडीत बसली.

त्या संध्याकाळी त्याने भिंतीवर नवा खिळा ठोकला. नवी तार टांगली, पुठ्ठा कापला आणि पेन्सिल घेऊन बराच वेळ बसला. चांदी लिहावं, की हौस लिहावं? शेवटी लिहिलं आणि दुकान बंद केलं.

गिऱ्हाइकांना तो अजूनही त्या भिंतीपाशी नेतो. खिळा, टेप, हौस, सगळं वाचून दाखवतो. शेवटच्या तारेवरची चिठ्ठी मात्र त्यांना स्वतःलाच वाचावी लागते. 'मिस्त्रीला माहीत होतं.'

"कोण हो हा मिस्त्री?" कुणी ना कुणी विचारतंच.

"होता एक गाढव," तो म्हणतो आणि हात पुढे करतो. "किल्ली आण इकडे."