झाडाचा टोस्ट

डॉर्कस हेम्ब्रोला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, सफरचंदाच्या झाडावर टोस्ट ठेवायचा होता. नवरा आला नि गेला, गाई आल्या नि गेल्या, पण ही हौस काही जाईना.

इंग्लंडातल्या सॉमरसेटमधल्या तिच्या गावात जानेवारीच्या थंडीत, दिवस मावळताना, सगळे बागेत जमत. सर्वांत म्हाताऱ्या झाडाच्या मुळाशी सायडर ओतायची, सफरचंदाचीच दारू ती. मग गावाने निवडलेली राणी सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट फांदीवर ठेवणार आणि बाकीचे डबे बडवणार, म्हणजे यंदा फळ भरपूर धरतं. तरुणपणी डॉर्कस राणी ठरली आणि ऐन त्या दिवशी गालगुंडांनी तिच्या तोंडाचा भोपळा केला. मुकुट धाकट्या बहिणीच्या, हेस्टरच्या डोक्यावर गेला, आणि हेस्टरने तो जन्मभर बोलण्यातून उतरवला नाही. डॉर्कसच्या वाट्याला आलं दरवर्षी टोस्ट भाजणं.

असं करता करता डॉर्कस म्हातारी झाली. त्या वर्षी राणी होती टॅम्सिन, शिडी बघूनच पाय लटपटणारी पोर. डॉर्कसने बागेतल्या शेकोटीवर टोस्ट भाजला, ताटलीत ठेवला आणि ताटली नेमकी रूबेन व्हाउल्सच्या शेजारी टेकवली. रूबेन दारू गाळणारा, विधुर, आणि गावातला एक नंबरचा खादाड. डॉर्कसला बघून तो अजूनही टोपी सरळ करी, असं लोक म्हणत. मी नाही म्हणत.

तेवढ्यात चिजी मास्तरांनी दरवर्षीचं पुराण लावलं. "टोस्टचं मूळ लॅटिनमध्ये! अर्थ भाजलेला. पूर्वी चवीसाठी भाजका पाव पेल्यात बुडवत आणि कुणाचं तरी नाव घेऊन पेला उंचावत. म्हणून त्या उंचावण्यालाही टोस्टच म्हणू लागले..."

"मास्तर, दारू गोठली!" मागून कुणीतरी ओरडलं.

पुराण संपलं, तर ताटली रिकामी.

"रूबेन! झाडाचा घास गिळलास?" हेस्टर किंचाळली.

"मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवलाय," रूबेन बोटं चाटत म्हणाला.

गाव हादरलं. टोस्टशिवाय झाड रुसणार! डॉर्कस मात्र शांतपणे दुसरा भाजायला बसलेली. भाजून झाल्यावर म्हणाली, "पहिला उष्टा झाला, की दुसरा भाजणारीनेच ठेवायचा. जुना नियम आहे."

"असा नियम कधीच नव्हता!" हेस्टर उसळली.

"तुझ्या वेळी कुणी खाल्ला होता का? मग तुला गं कसा माहीत असणार?"

टॅम्सिनने झटकन मुकुट काढून म्हातारीच्या डोक्यावर ठेवला. मास्तरांनी शिडी धरली, रूबेनने मागून हातभार लावला, जरुरीपेक्षा जरा जास्तच. डॉर्कस चढली, सगळ्यात उंच बेचक्यात टोस्ट खोचला, आणि तिथूनच असं खिदळली की फांदीवरचं हिम खाली झडलं. डबे वाजले. पेले उंचावले, "डॉर्कसच्या नावाने!"

हेस्टरचा पेला तेवढा खाली होता. ती रूबेनच्या हनुवटीकडे बघत होती. शेकोटीच्या उजेडात हनुवटी चकाकत होती.

"डॉर्कस, पहिल्या टोस्टला लोणी लावलं होतंस?"

"झाडाच्या टोस्टला कुणी लोणी लावतं का गं?" वरून उत्तर आलं.

रूबेनने हळूच बाहीने हनुवटी पुसली. हेस्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि तिलाच हसू फुटलं. "उतर आता, भवाने!" म्हणत तिने पेला उंचावला, सगळ्यांपेक्षा उंच.