परीचं वजन आणि कोदोची पिशवी

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण काट्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

किस्से काही आपण जमवायला जात नाही. चार बाया, चार लेकरं आणि एक वजनकाटा एका खोलीत ठेवा, ते धुण्याच्या ढिगासारखे आपोआप वाढतात. आमच्या रांझीच्या, हिंदी मुलखातल्या अंगणवाडीत तर एका महिन्यात एवढे साचले, की सांगितल्याशिवाय चैन नाही.

तर काटा. माझी परी पावणेदोन वर्षांची. अंगणवाडीच्या दीदीने तिला झोळीत बसवलं, कार्डावर टिंब काढलं, आणि टिंब पडलं पिवळ्या पट्टीत! हिरवी पट्टी म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका, पिवळी मधली. माझ्यासाठी पिवळी म्हणजे लालच.

"दीदी, बचेगी ना?"

"पीली पट्टी है, फाँसी नहीं!" दीदी म्हणाली. "कोदो की खिचड़ी बनाओ. दाल डालो, घी डालो, थोड़ा-थोड़ा दिन में चार-पाँच बार. अगले महीने फिर तौलेंगे."

एक महिना! म्हणजे माझ्या परीक्षेची तारीखच ठरली.

*

कोदो म्हणजे भगरीच्या जातीतलं बारीक, गोल धान्य. इकडच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या खातात. आम्ही मात्र गहू-तांदूळवाले. दुकानात दोन पोती होती, एकात फिकट दाणे, एकात तपकिरी, चकचकीत. मी विचार केला, रंग जास्त तो कस जास्त. तपकिरी घेतले.

दुकानदाराने विचारलं, "खेत कहाँ है, दीदी?"

"रांझी में रहते हैं," मी सांगितलं. त्याने बिचाऱ्याने पिशवी बांधून दिली.

घरी कुकर लावला. तीन शिट्ट्या, सात शिट्ट्या, अकरा! सासूबाई आतून ओरडल्या, "काहून वं, गिट्टी शिजवून राहिली काय?"

परीला द्यायच्या आधी परीच्या बाबांनी चाखून बघितलं. फॅक्टरीतून दमून आलेला माणूस, बराच वेळ चावत राहिला. मग हळूच म्हणाला, "उद्यापासून फॅक्टरीत पत्रा दातांनीच कापतो."

शेजारची भारती आली, तिने पातेल्यात बघितलं आणि पोट धरून हसायला लागली. "बाई, हे पेरायचं बी आहे! वरचं फोतर काढलेला आण, कोदोचा तांदूळ म्हणून माग. पण मिलमधून पांढराफेक केलेला नको. आतला करडा पापुद्रा राहू दे, त्यातच तर सगळं असते!"

*

खिचडी जमली तर भिंतीपलीकडच्या तिवारी भाभीने नवीनच काढलं. "देखना हाँ, खराब कोदो चढ़ता है. आदमी झूमने लगता है."

झालं! दुपारी परीने चार चमचे खाल्ले आणि मी तिच्याकडे डोळे लावून बसली. उठली. डावीकडे झुकली. उजवीकडे झुकली. भिंतीला धडकली आणि खदखदा हसली!

मी तिला उचलली आणि चप्पल न घालता अंगणवाडीत पळाली. "दीदी, चढ़ गया! देखो, झूम रही है!"

दीदीने परीला खाली सोडलं, दोन मिनिटं बघितलं. "कल कैसे चलती थी?"

मी आठवून बघितलं. "ऐसे ही."

"परसों?"

"…ऐसे ही."

"तो ये बचपन चढ़ा है, बहन. उतरने में टाइम लगेगा." मग तिने खिचडीचं धान्य मागवलं, हुंगून बघितलं आणि समजावलं, की पावसात भिजलेला, बुरशीचा वास येणारा कोदो मात्र खरंच घ्यायचा नाही. तेवढी भीती ठेवायची. बाकीची घरी ठेवायची.

*

एकादशीला मी शेगडीवर दोन पातेली ठेवली, एकात सासूबाईंची उपासाची भगर, एकात परीची खिचडी. त्यांनी वाढून घेतलं चुकीच्या पातेल्यातून! माझं लक्ष गेलं तेव्हा दुसऱ्यांदा वाढणं चाललं होतं. सांगावं तर उपास मोडला, नाही सांगावं तर पाप माझं. मी नुसती झाकण हातात धरून उभी.

संध्याकाळी राहवलं नाही. "आई, सकाळी ती भगर नव्हती."

"माहीत आहे. पहिल्याच घासाला लसूण लागला."

"मग?"

"मग काय? उपास तर तेव्हाच गेला होता. खिचडी काहून सोडू?"

*

अंगणवाडीत एक दिवस सगळ्या आयांनी कोदोचा एकेक पदार्थ करून आणायचा होता. सात बाया आल्या. सात डब्यांत सात खिरी! लेकरांनी एकेक चमचा चाटला आणि खेळायला पळाली. अन्न वाया कसं घालवायचं म्हणून आम्ही बसलो.

दीदी रिकाम्या डब्यांकडे बघून म्हणाली, "वजन किसका बढ़ाना था?"

*

महिना संपला. सासूबाई पण सोबत आल्या. परी झोळीत, मी घड्याळाकडे. दीदीने टिंब काढलं. हिरव्या पट्टीत! अगदी काठावर, पण हिरव्यात. मी तिथेच रडायला लागली.

"अब क्यों रो रही हो? चलो, तुम चढ़ो." दीदीने मोठा काटा पुढे सरकवला. "तुम्हारा भी देखते हैं."

मी चढली. दीदीने काटा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. "इतना कम! तुम क्या खाती हो?"

"परी का जो बचता है, वो."

"और बचता कितना है?"

"अब कुछ नहीं बचता, दीदी!" मी अभिमानाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझा हात धरून मला बाहेरच्या ओट्यावर बसवलं. हातात थाळी. खिचडीवर तूप.

"आ कर."

"आई! लोकं बघून राहिले!"

"बघू दे. हा चिऊचा. आ."

परी समोर उभी राहून टाळ्या पिटत होती. तिवारी भाभी भिंतीवरून वाकली. "चाची, बहू को क्या हो गया?"

सासूबाईंनी दुसरा घास कालवला. मान वर न करता म्हणाल्या, "कुछ नहीं हुआ. तू खड़ी है तो एक काम कर. पूरी गली में बता दे, अगली बार माँओं को भी काँटे पे चढ़ना है!"