तांडेलाचा आवाज

लालबागच्या बाजारात बाबांबरोबर जायचं तर हल्ली हाताशी वेळ ठेवून निघावं लागतं. मसाल्याच्या दुकानातला माणूस, चिवडेवाला, शाळेतून सुटलेली पोरं, सगळे त्यांना ‘तांडेल’ म्हणून हाक मारतात आणि तो संवाद म्हणून दाखवा म्हणतात. बाबा आधी नको नको करतात, मग पिशवी माझ्या हातात देतात आणि म्हणून दाखवतात. लोक पोट धरून हसतात. मी तेवढ्या वेळात कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघत बसते, कारण तो संवाद मी लिहिला आहे आणि मला तो आता ऐकवत नाही.

मी परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहिते. पडद्यावर ज्याचे ओठ जितका वेळ हलतील तितक्यात बसेल असं मराठी वाक्य शोधायचं, हे माझं काम. स्वयंपाकाच्या स्पर्धा, खुनांचे तपास, राजघराण्यातल्या भानगडी, येईल ते लिहिते. पण अंतराळातल्या जहाजाची ती मालिका आली तेव्हा मी फुकटसुद्धा लिहिली असती. कंपनीला तसं सांगितलं नाही, एवढी अक्कल मला आहे.

अंतराळाचं हे वेड लहानपणापासूनचं. आमच्या चाळीत शेजाऱ्यांकडे टीव्ही होता आणि त्यांच्या उंबऱ्यात बसून मी असल्या मालिका पाहायचे. हिरव्या कातडीचे, टोकदार कानांचे, डोक्यावर शिंगं असलेले लोक एकाच जहाजावर काम करायचे. मला त्यातलं विज्ञान काही कळत नव्हतं. कळत होतं ते इतकंच, की त्या जहाजावर कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. मी तेव्हा दादरच्या शाळेत नवीन होते. पहिल्याच आठवड्यात मी बाईंना विचारलं होतं, “बाई, माझी पेन्सिल खंय गेली?” आणि सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर शाळेत मी मालवणी बोलले नाही. हळूहळू घरीही बोलेनाशी झाले. आजही बाबा मालवणीत बोलतात आणि मी पुस्तकी मराठीत उत्तर देते.

आता आमची चाहत्यांची एक मंडळी आहे. महिन्यातून एकदा गिरगावातल्या एका खाणावळीच्या माडीवर जमतो आणि थालीपीठ खात खात दुसऱ्या आकाशगंगांची चर्चा करतो. मध्यंतरी एका मालिकेत सावळ्या नटीला अधिकाऱ्याची भूमिका मिळाली म्हणून जगभरचे चाहते तिला इंटरनेटवर घाणेरडं बोलत होते. त्यावर मी मंडळींच्या पानावर लांबलचक लेख लिहिला होता. गोऱ्यांच्या कल्पनेत दुसऱ्या ग्रहावरचा माणूस मावतो पण काळा माणूस मावत नाही, वगैरे. पुष्कळांनी वाहवा केली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातलाच तो प्रकार होता, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

तर त्या मालिकेत जहाजाला दिशा देणारा एक अधिकारी आहे. काम करणारा नट काळा, परदेशातल्या रंगभूमीवर नावाजलेला. सगळ्या जहाजात सुंदर इंग्रजी बोलतो तो एकटा. संथ, तोलून, जणू प्रत्येक शब्द आधी हातात घेऊन पाहिलाय. कंपनीच्या पहिल्या बैठकीत भिंतीवर सगळ्या पात्रांचे फोटो लावले होते. कंपनीची बाई म्हणाली, “सगळे सारखंच शुद्ध बोलतायत, कंटाळा येईल हो. कुणाला तरी लोकल टच द्या ना, थोडं हसायला.” कुणाला, ते ती बोलली नाही. कुणीच बोललं नाही. पण खोलीतल्या सगळ्यांचे डोळे एकाच फोटोवर गेले आणि माझेही गेले. कुणी तोंडाने म्हटलं असतं की काळा आहे तर तो विनोदी करू, तर मी तिथे भांडले असते. डोळ्यांशी कोण भांडणार? उलट मीच म्हणाले, “मालवणी देऊ या. माझ्या बाबांचा आवाज आहे तसा.”

बाबांचं कारण खरं होतं, ते इथे लपवण्यात अर्थ नाही. आई गेल्यापासून ते घरात नुसते बसून असायचे. टीव्ही चालू असायचा, तोही आवाज बंद करून. गिरणीत होते तेव्हा ते कामगारांच्या नाटकांत काम करायचे. रंगाने काळे, त्यामुळे दरवर्षी गड्याचं काम. राजाच्या कामासाठी त्यांनी आख्खं नाटक पाठ केलं होतं म्हणे, पण राजा म्हणून गोरा हेडक्लार्कच उभा राहिला. ही गोष्ट बाबा हसत हसत सांगतात आणि लहानपणी आम्हीही हसत हसत ऐकायचो.

मी त्या अधिकाऱ्याला मराठीत तांडेल केलं, म्हणजे आपल्याकडे होडीचा प्रमुख असतो तो. इथवर ठीक होतं. पण मग त्याच्या तोंडी खादाडपणा घातला, आळस घातला, भित्रेपणा घातला. जहाजाच्या कप्तानाला मी पुण्याची भाषा दिली, डॉक्टरीणबाईंना पार्ल्याची. ज्या जहाजावर कुणाला आडनाव नव्हतं तिथे मी एकेकाला आडनाव चिकटवत गेले. त्याला आवाज द्यायला घेतलं तसे बाबा मात्र खुलले. रोज सकाळी गरम पाण्याच्या गुळण्या करून कागद हातात घेऊन बसायचे. मालिका आली आणि बाबा लालबागेत प्रसिद्ध झाले. गणपतीत मंडळाने त्यांच्या हस्ते आरती केली.

सर्वांत गाजला तो एक प्रसंग. तांडेलाला बातमी कळते की त्याचा ग्रह नष्ट झाला, घरदार, माणसं, काही उरलं नाही. मुळात तिथे तो फक्त दोन वाक्यं बोलतो. मराठीत तो म्हणतो, “घर गेला ता गेला, चुलीवरचा बांगड्याचा कालवण पण गेला मां!” बाबांनी ते असं काही म्हटलं होतं की ध्वनिमुद्रण करणारा मुलगा खुर्चीवरून पडायचा बाकी होता. बाजारात लोक म्हणायला लावतात ते हेच.

आणि मागच्या हिवाळ्यात तो नट मुंबईत आला. परळला गिरणीच्या जागेवर मॉल झालाय, तिथल्या सभागृहात चाहत्यांचा मेळावा होता. मराठी चाहत्यांसाठी दुभाषी म्हणून मला बोलावलं आणि तांडेलाचा मराठी आवाज म्हणून बाबांना. बाबांनी हिंदमाताला जाऊन शर्टाचं आकाशी कापड घेतलं, शिवून घेतलं आणि दोनदा घालून पाहिलं. त्या नटाला काय म्हणायचं ते मला इंग्रजीत लिहून द्यायला लावलं आणि पाठ केलं.

सभागृहात आयोजकांनी तोच प्रसंग मोठ्या पडद्यावर लावला, मराठी आवाजात. बांगड्याच्या कालवणावर हशा, शिट्ट्या, टाळ्या. मी त्या नटाकडे बघत होते. लोक हसले म्हणून तोही आधी हसला. मग त्याने मान वळवून पडद्यावर पाहिलं आणि कुठला प्रसंग आहे ते त्याच्या ध्यानात आलं. हसू त्याने तसंच ठेवलं, आतून मात्र ते विझलं होतं. मग बाबा मंचावर आले. पाठ केलेलं इंग्रजी विसरले आणि नुसतेच हात जोडून उभे राहिले. त्याने बाबांना मिठी मारली. तो बाबांपेक्षा चांगला दीड वीत उंच होता.

मंचाच्या मागे चहा घेताना त्याने मला हळूच विचारलं, तिथे लोक का हसले? मी म्हणाले, ही आमच्याकडच्या किनाऱ्यावरच्या लोकांची बोली आहे, इथल्या माणसांच्या फार जिव्हाळ्याची, ते प्रेमाने हसतात. हे खोटं नव्हतं, म्हणूनच मला बोलता आलं. त्याने मान हलवली. मग तो म्हणाला, की त्या जागी मूळ संहितेत एक विनोद होता. दुसऱ्या पात्रांवर दुःख कोसळलं की त्यांना शांतता मिळायची, त्याच्या पात्राला मात्र दरवेळी विनोद. त्याने तो बोलायला नकार दिला, भांडला, काम सोडायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे ती दोन साधी वाक्यं मिळाली. आयुष्यात केलेल्या कामातली तीच आपल्याला सर्वांत प्रिय आहेत, असं म्हणाला. आणि मग त्याने विचारलं, “तुमच्या भाषेतही दोनच वाक्यं आहेत का?”

मी म्हणाले, “हो. दोनच.”

त्याने भांडून काढून टाकलेला विनोद मी न भांडता परत घातला होता, तोही माझ्या बापाच्या आवाजात. तो शेजारी चहा घेत असलेल्या बाबांकडे वळला आणि त्यांचा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाला. बाबांनी मला विचारलं, “काय म्हणता गो तो?”

“म्हणतो, माझे शब्द तुम्ही सांभाळलेत.”

बाबांचे डोळे भरून आले. “तेका सांग,” ते म्हणाले, “माझा काय नाय. सगळा माझ्या चेडवान लिवल्यान.” सगळं माझ्या मुलीने लिहिलंय. हे मी त्याला सांगितलं नाही. बाबा तुमचे आभार मानतात, एवढंच सांगितलं.

पुढचे काही महिने माझे वाईट गेले असं म्हणणं खोटं होईल. कामं चालू होती, गिरगावातली थालीपिठंही चालू होती. पण बाबांनी त्या मिठीचा फोटो मोठा करून आईच्या फोटोशेजारी लावला आणि मला ती भिंत टाळून वावरायची सवय झाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगणार कुणाला? बाबांना सांगावं तर त्यांच्याकडे आता तेवढंच होतं. न सांगावं तर रोज बाजारात ते बांगड्याचं कालवण ऐकावं लागत होतं.

मग मालिकेचं दुसरं पर्व आलं आणि मला वाटलं, आता सुधारता येईल. आधी विचार केला की तांडेलाला कप्तानासारखीच पुण्याची भाषा देऊन टाकावी. पण तो पुन्हा दादरच्या शाळेतलाच उपाय होता. आमच्या घरात माणसं रडली ती मालवणीतच रडली. मालवणीत हसूच येतं, हे मला कुणी शिकवलं? मग मी तांडेलाचं सगळं मालवणीतच ठेवलं, फक्त सरळ लिहिलं. त्यात एक प्रसंग असा, की त्याच्या बायकोने फार पूर्वी पाठवलेला निरोप त्याला ती गेल्यानंतर ऐकू येतो. मी लिहिलं, “तुझो आवाज इलो. माका तेवढाच पुरे.”

ध्वनिमुद्रण दादरला होतं. काचेच्या अलीकडे मी, तो ध्वनिमुद्रण करणारा मुलगा आणि कंपनीची बाई, पलीकडे बाबा. बाबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, “ह्यात हसूचा खंय आसा?”

“हसायचं नाहीये बाबा. आहे तसं म्हणा.”

त्यांनी कागद डोळ्यांपासून जरा लांब धरला. मग त्यांनी म्हटलं. आई गावाला असायची तेव्हा बाबा वाण्याच्या दुकानातल्या फोनवरून तिच्याशी बोलायचे. मागे गिऱ्हाइकं उभी असायची, म्हणून खालच्या आवाजात, जास्त काही न बोलता. तो आवाज मी विसरून गेले होते. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

कंपनीची बाई म्हणाली, “छान आहे. पण हा तांडेल नाही ना. लोकांना तांडेल हवाय.” ती वाईट नाही. काका थकले असतील तर बळजबरी नको, असंही म्हणाली. एक तरुण मुलगा आहे, मालवणी विनोद करतो, मोबाईलवर फार चालतो, त्याचा आवाज जुळेल. मला त्या नटाचं बोलणं तिला सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण हे भांडण मी जिंकणार नव्हते, आणि हरले असते तर बाबांचं काम गेलं असतं, त्यांच्या जागी तो मुलगा आला असता आणि विनोद तर तसाही झालाच असता. हे सगळं मी तेव्हा मनात मांडलं की नंतर, ते मला सांगता येत नाही.

काचेपलीकडे बाबांना काही ऐकू येत नव्हतं, पण चेहरे दिसत होते. त्यांनी माइकमध्ये विचारलं, “काय झाला? बरा नाय झाला?” आणि मी बटण दाबून उत्तर द्यायच्या आतच म्हणाले, “थांबा थांबा, माका कळला. हसूक व्हया ना?” त्यांनी घसा खाकरला, मान तिरकी केली आणि म्हणाले, “तुझो आवाज इलो, पण लाडवाचो डबो खंय रवलो?”

हे मी लिहिलेलं नव्हतं. त्यांनीच केलं, उभ्या उभ्या. कंपनीची बाई खळखळून हसली. ध्वनिमुद्रण करणारा मुलगाही हसला आणि माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “ताई, कुठला ठेवू? पहिला की दुसरा?” बाबा काचेतून माझ्याकडे बघत होते.

मी बटण दाबलं. “दुसरा छान झाला, बाबा. दुसराच ठेवू.”

“बरा,” ते म्हणाले. कागद खाली ठेवून त्यांनी चष्मा पुसला. त्यांचा माइक अजून चालू होता. “पयलो माका बरो वाटलेलो गो,” ते म्हणाले.

मी त्यांना पुढचा संवाद वाचायला सांगितला.