सकाळी आठची नदी

“ताई, तुमना वहीमा नदी वाहस. मनी होडी मात्र वाळूमा बसेल शे,” सुपडू आबा माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले. बसा म्हटलं तरी बसेनात. एप्रिल सुरू झाला होता. माझ्यासमोर गेज रजिस्टर उघडं होतं आणि त्यात नदी व्यवस्थित वाहत होती.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता आहे. आमच्या नदीच्या एका काठाला जळगाव जिल्हा, दुसऱ्या काठाला धुळे. दोन्हीकडे शेतकऱ्यांचे पंप. कोणी किती पाणी उपसायचं याची परवानगी आम्ही देतो आणि ती देताना एक अट घालतो. पुलाच्या खांबावर फूटपट्टीसारखी गेज पट्टी रंगवलेली आहे, तिच्यावरच्या लाल रेघेखाली पाणी जाऊ द्यायचं नाही. रेघेपर्यंतचं पाणी नदीचं स्वतःचं. कागदोपत्री त्याला ‘पर्यावरणीय प्रवाह’ म्हणतात. मी ‘नदीचा वाटा’ म्हणते, कारण तो मोठा शब्द काढला की मी झाडं वाटायला आलेय असं लोकांना वाटतं.

ती पट्टी आमचे लोटनभाऊ रोज सकाळी आठला वाचतात. पाणी रोज रेघेच्या चार बोटं वर. सरकारी नोकरीत इतकं गुणी रजिस्टर माझ्या नशिबी पहिल्यांदाच आलं होतं, त्यामुळे आबांचा मला थोडा रागच आला.

“आबा, पाणी पुलाखालून जातंय म्हणजे तुमच्याकडे येणारच. मध्ये कुठे जाईल ते?”

“तेच तं इचारी ऱ्हायनू,” आबा म्हणाले.

आबा भोई. पुलापासून खाली तीनेक किलोमीटरवर एक डोह आहे, त्याच्या कडेनं पानकणसांची दलदल. मासेमारीचा हक्क तिथल्या भोई कुटुंबांचा. उन्हाळाभर नदीतले मोठे मासे या डोहात तग धरतात आणि पाऊस लागला की वर चढून अंडी घालतात. डोह आटला तर त्या वर्षी मासेच नाहीत. बाकीचे लोक आबांना म्हणत होते, मरायच्या आत पकडून बाजारात नेऊ. आबा एकटे अडून बसले होते.

“आठ रोज वाट देखसू,” ते जाताना म्हणाले. “मंग मी बी जाळं टाकसू.”

दुसऱ्या दिवशी आठला मी स्वतः पुलावर गेले. पाणी रेघेच्या चार बोटं वर. मी लोटनभाऊंकडे विजयी मुद्रेनं पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. मग काठाकाठानं डोहापर्यंत चालत गेले. डोह निम्म्यावर आला होता. होडी खरंच वाळूत. मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन हवा ओढत होते. मधल्या वाळूच्या बेटावर नदीसुरय पक्ष्यांची अंडी होती, आणि पाणी हटल्यामुळे गावातली दोन कुत्री चालत बेटावर निघाली होती. आबांनी त्यांना ढेकळं मारून हाकललं. ते दिवसभर हेच काम करत होते.

वाटेत एकही पंप नव्हता, पंप सगळे पुलाच्या वरच्या अंगाला. मग पाणी गेलं कुठे? मी वाळूवर संशय घेतला, पुलाच्या पायावर घेतला, शेवटी माझ्या पदवीवरही घेतला. परत पुलाशी आले तेव्हा बारा वाजले होते. गेज पट्टी खालपर्यंत कोरडी होती आणि तिच्या बुडाशी एक म्हैस सावलीला बसून रवंथ करत होती.

“लोटनभाऊ!”

“मॅडम, मला आठची ड्यूटी आहे,” लोटनभाऊ दुखावलेल्या आवाजात म्हणाले. “आजवर एक खाडा नाही. बाराची पट्टी कोणी मागितलीच नाही.”

“पण ही रोज अशी होते?”

“लाईट आल्यावर होते. लाईट नऊला येते.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला पुलावरच बसावंसं वाटलं. शेतीपंपाला आठ तास थ्री फेज लाईट मिळते. दोन जिल्हे, दोन सबस्टेशनं, आणि एरवी एकमेकांशी कशावरही न पटणारे हे दोन काठ लाईटच्या वेळेवर मात्र एकमत झालेले: नऊ ते पाच. वर प्रत्येक मोटरीला ऑटो. ऑटो म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारं बटण. मालक घरी जेवत असला तरी मोटर चालते.

पुढच्या दिवशी नऊला मी तिथेच उभी राहिले. दोन्ही काठ एकदम घुमू लागले आणि पट्टीवरचं पाणी माझ्या देखत उतरत गेलं. संध्याकाळी मोटरी बंद. मग रात्रभर नदी आधी पंपांसाठी खणलेले खड्डे भरते, पहाटे पुलापर्यंत पोचते, आठला लोटनभाऊंना दर्शन देते. डोहाकडे निघते तोवर नऊ वाजतात.

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता. शांत माणूस, निवृत्तीला आलेला.

“रजिस्टरला पाणी आहे ना?” त्यांनी विचारलं.

“आठ वाजता आहे, सर.”

“आपल्याला आठचंच विचारतात.”

“सर, मासे बाराला मरतात.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “मीटिंग घ्या,” ते म्हणाले. “मला बोलावू नका.”

मीटिंग पुलाखाली झाली. जळगाव काठाचे पुढारी प्रल्हादनाना, केळीवाले. धुळे काठाचे भटूभाऊ, त्यांचा कांदा आणि भाजीपाला. मी दोन वाक्यं बोलले असेन.

“हाई बठ्ठं धुळेवालासनं काम शे,” नाना म्हणाले.

“नाना, तुमनी केळी नदी पी ऱ्हायनी, आनि नाव आमनं?” भटूभाऊ म्हणाले.

अर्धा तास हेच. मला चीड आली. मी ओरडले, “नाना, तुमच्या केळीला ड्रिपनं दिवसाला किती तास पाणी लागतं?”

“आते उन्हाळामा? तीन. चार म्हना.”

“मग मोटर आठ तास का चालते?”

“ऑटो शे ना,” नाना म्हणाले. मग स्वतःच थांबले. जास्तीचं पाणी त्यांच्या बांधावरून नाल्यात जात होतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. भटूभाऊ खो खो हसले. मी त्यांना त्यांचे तास विचारले, तर तेही चार निघाले. त्यांच्याही मोटरीला ऑटो. मग फक्त मी हसले.

आधी मी सुचवलं, एक दिवस एक काठ, दुसऱ्या दिवशी दुसरा. नानांनी साफ नाही म्हटलं. केळीचं एक दिवस पाणी चुकलं तर पानं करपतात, आणि यात त्यांचं खरं होतं. मग दिवसच वाटला. नऊ ते एक जळगाव, एक ते पाच धुळे, आठवड्यानं अदलाबदल. ऑटो काढायचे. एका वेळी निम्मेच पंप चालले तर पाणी रेघेला टिकतं, हे मी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. कागदाकडे कोणी पाहिलं नाही.

“पन देखरेख कोन करी?” नानांनी विचारलं. “एकना नंतर मोटर चालू ऱ्हायनी तं?”

“आम्ही आठेथून, आमना काठवरथून, देखसूत ना तुमले!” भटूभाऊ म्हणाले.

“आनि आम्ही तुमले!”

माझ्याकडे दोन्ही काठांना मिळून एक लोटनभाऊ. आणि इथे दोन अख्खे काठ फुकटात एकमेकांवर पहारा द्यायला तयार. मी लगेच सह्या घेतल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन तापला. एक वाजून चार मिनिटांनी भटूभाऊ: “मॅडम, जळगावनी एक मोटर अजून चालू शे.” पाचच्या ठोक्याला नानांकडून फोटो. एकदा नानांनी पलीकडची चालू मोटर पकडून मला फोटो पाठवला, कारवाईच पाहिजे म्हणाले. चौकशी केली तर मोटर त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याची. त्यानंतर दोन दिवस फोटो आले नाहीत.

पुलाखाली आता दुपारीही पाणी होतं. पण डोहात त्याचा पत्ता नाही. तीन किलोमीटर तापलेली वाळू पहिलं सगळं पाणी पिऊन टाकत होती. आबांच्या मुदतीच्या आठव्या दिवशी सकाळी मी डोहावर गेले, तर आबा जाळं मांडीवर घेऊन बसलेले. टाकलं नव्हतं, आवरलंही नव्हतं. मी शेजारी वाळूवर बसले. मला फार अपराधी वाटत होतं, कारण त्या रजिस्टरच्या प्रत्येक पानावर माझीच सही होती.

दहाच्या सुमारास वाळूचा रंग बदलला. मग ओल पुढे सरकली, आणि तिच्यामागून बोटभर जाडीची धार.

“पानी उनं,” आबा हळूच म्हणाले. मला रडू आलं. मी गॉगल लावला.

त्या उन्हाळ्यात डोह टिकला. बेटाभोवती पुन्हा गुडघाभर पाणी झालं, कुत्री काठावरून भुंकत राहिली आणि पिल्लं उडाली. नानांची केळीही ठणठणीत. साहेबांनी वर अहवाल पाठवला, त्यात या सगळ्याला ‘सूक्ष्म नियोजन’ म्हटलं, आणि आदेश काढला की यापुढे पट्टी आठला आणि बाराला वाचावी.

पुढच्या वर्षी वीजवाल्यांनी वेळ बदलून दुपारी दोनची केली. नऊ ते एकची वाटणी कोलमडली आणि दोनला दोन्ही काठ पुन्हा एकदम घुमू लागले. आठला पाणी, बाराला पाणी, रजिस्टर पुन्हा गुणी. सुदैवानं आबांनी पहिल्याच आठवड्यात फोन केला. तेव्हापासून एप्रिल लागला की मी आधी दोन्ही सबस्टेशनांना फोन करते, आणि मग लोटनभाऊंना सांगते की नदी किती वाजता बघायची.