शमुवेल दाजींची बोट

नंबर अनोळखी होता, म्हणून मी दोनदा फोन कापला. हल्ली असे फोन कशासाठी येतात ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. शिवाय अनोळखी फोन घ्यायचा नाही, घेतलाच तर समोरचा कोण ते कळेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, हे मला शमुवेल दाजींनीच शिकवलेलं. तिसऱ्यांदा घेतला आणि गप्प राहिलो. पलीकडून दम लागलेला आवाज आला, "पाव्हनं, मी रंगनाथ. धरनावरचा. तुमचं दाजी माझ्या शेडवर च्या प्यायला बसलं हुतं, छातीत कळ आली… दवाखान्यात आनलं मी, पन डॉक्टर न्हाई म्हनले. बाईंना कसं सांगू, मला सुचंना. तुमीच सांगा." मी संगमनेरहून निघालो. दाजींच्या गावी, सोनईला पोचेपर्यंत मनात एकच चाललं होतं, की हा माणूस खोटं बोलत असावा, कोणीतरी थट्टा करत असावं. माझ्यात हा संशय दाजींनीच पेरला होता.

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, ते यजमान. साखर कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून सगळी नोकरी गेली आणि स्टोअरमधली नजर घरीही आली. कुलूप लावलं की तीनदा हिसडून बघायचे. चर्चमध्ये जाताना एक चप्पल दाराच्या उजवीकडं आणि दुसरी डावीकडं काढायचे. चोराला जोड सापडू नये म्हणून. डॉक्टरांचं ब्लडप्रेशरचं यंत्र आधी आक्काच्या दंडाला लावून बघायला सांगायचे, तिचा आकडा बरोबर आला तर मग स्वतःचा हात पुढं करायचे. पुण्याचा मुलगा मोबाईलवर दिसला की पहिला प्रश्न, "तुझ्या मागं कोण उभंय?" शेजारपाजाऱ्यांना त्यांचा राग यायचा. मला मात्र त्यांची गंमत वाटायची, कारण त्यांच्या संशयात वाकडेपणा नव्हता. आपल्या माणसाला कुठून काही होईल, या भीतीनं ते सतत चारी दिशांना बघत असायचे, इतकंच.

बोटीचं खूळसुद्धा संशयातूनच आलं. आक्काला पाण्याची फार हौस. लग्नानंतर एकदा प्रवरासंगमला गेल्यावर तिनं नावेत बसू या म्हणून हट्ट धरला होता. दाजींनी नावेची फळी बोटानं टोचून पाहिली आणि "कुजलीय" म्हणून तिला परत आणलं. पुढं जिथं जिथं पाणी दिसलं तिथं तिथं तेच. दुसऱ्याच्या नावेवर त्यांचा भरवसा बसेना आणि आक्काची हौस जाईना. निवृत्त झाल्यावर त्यांनी यातून मार्ग काढला… स्वतःचीच बोट घेतली! एका बंद पडलेल्या बोटिंग क्लबची जुनी फायबरची बोट, दोन वल्ही आणि दोन चाकांची ट्रॉली. माझ्या जीपला मागं हूक होता, म्हणून मला बोलावणं आलं. आक्का मला स्वयंपाकघरात घेऊन हळूच म्हणाली, "दोन महिने बाहेर जाऊन फोनवर बोलत होते. मला नाही नाही ते वाटत होतं रे. आणि आणलं काय, तर हे!"

जायकवाडीच्या फुगवट्यात आमच्याकडचे जुने रस्ते बुडालेले आहेत. त्यातली एक डांबरी सडक उसाच्या फडांमधून उतरत सरळ पाण्यात शिरते. दाजींनी बोट उतरवायला ती जागा हेरून ठेवली होती. उतार चांगला होता, पण ट्रॉली मागं घेणं मला काही केल्या जमेना. स्टिअरिंग उजवीकडं फिरवावं तर ट्रॉली डावीकडं पळायची, सावरायला जावं तर जीपला आडवी व्हायची. दाजी मागं उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करत होते आणि त्या खुणाही त्यांच्या त्यांनाच पटत नव्हत्या. एवढ्यात बांधावरून हातात काठी घेतलेला एक माणूस आला. धोतर, डोक्याला टॉवेल.

"कोन तुमी? हितं काय काम हाय?"

"बोट उतरवतोय," मी म्हणालो.

"कशाला?"

दाजी ताठ झाले. "का? तुमची परवानगी लागते?"

 तो माणूस बोटीभोवती एक फेरी मारून आला, आत वाकून बघितलं, ट्रॉलीखाली बघितलं. फुगवट्यावर शेतकऱ्यांच्या मोटारी बसवलेल्या असतात आणि मोटारी, केबली चोरीला जाणं तिथं नेहमीचं. त्याला आम्ही कोण वाटलो ते उघड होतं. दाजींना तो कोण वाटला, तेही त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

शेवटी ट्रॉलीची चाकं पाण्यात गेली, बोट अलगद तरंगली. मला टाळी वाजवावीशी वाटली. आक्का पदर खोचून पुढं आली, तर दाजी म्हणाले, "आधी मी. काही दगाफटका असेल तर मला कळू दे." दोराचं टोक माझ्या हातात देऊन ते बोटीत बसले. जरा आत गेले असतील नसतील… "पाणी!" ते ओरडले. बोटीत पाणी चढत होतं. दाजींना पोहता येत नव्हतं. मी दोर ओढायला लागलो, आक्का माझ्या मागून ओढू लागली, पण भरत चाललेली बोट जागची हलेना. काठीवाला माणूस काठी टाकून कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि बोट मागून रेटू लागला. आणि आमचे दाजी, बुडत्या बोटीत उभं राहून त्याच्यावर ओरडत होते, "हात लावू नका! मघाशी बोटीभोवती तुम्हीच फिरत होता. तुम्हीच काहीतरी केलंय!"

"अवो सायब, आधी भाईर तर या! मग शिव्या द्या!"

बोट कशीबशी ट्रॉलीवर आली, पण पाण्यानं इतकी जड झाली होती की जीप उलटी मागंच जायला लागली. त्या बुडालेल्या डांबरावर शेवाळ साचलेलं, चाकं नुसती फिरत होती. ब्रेक दाबूनही जीप घसरते म्हणजे काय, ते मी त्या दिवशी अनुभवलं. त्या माणसानं चाकांमागं दगड टाकले, धावत जाऊन आपला ट्रॅक्टर आणला, साखळी बांधली. दाजी नखशिखांत भिजलेले, तरी त्यांनी साखळीचा आकडा तीनदा हिसडून पाहिलाच. ट्रॅक्टरनं जीप, ट्रॉली, बोट सगळं एका दमात वर काढलं. वर आल्यावर बोटीच्या मागच्या बाजूनं, तळाजवळून, पाण्याची जाड धार सुरू झाली. तो माणूस वाकून बघत म्हणाला, "सायब, हितं बूच असतंय. कुठंय?"

 दाजींचा हात ओल्या पॅंटच्या खिशात गेला तो बराच वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी रबरी बूच बाहेर काढून तळहातावर ठेवलं. अंगणातून बोट कोणी पळवून नेऊ नये म्हणून आदल्या दिवशी त्यांनीच ते काढून ठेवलं होतं. आक्कानं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, आता काहीतरी सबब येणार. पण दाजी त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले. "माझ्याच खिशात होतं. मी तुमच्यावर नाही तो आळ घेतला. चुकलं माझं."

तो माणूस धोतर पिळत म्हणाला, "मी तरी काय, मोटारचोर समजूनच काठी घिऊन आल्तो. चला, च्या घ्या."

तो रंगनाथ. त्यानंतर बोट त्याच्या शेडजवळच राहू लागली. आक्का त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाण्यावर गेली. दूरवरच्या गुलाबी पक्ष्यांची रांग बघून आल्यावर तिनं मला फोन केला आणि कितीतरी वेळ नुसती हसत होती. दाजी मग दर दोन-चार दिवसांनी तिकडं जायचे. ते आणि रंगनाथ बसून काय बोलत असतील, कोण जाणे. घरी आल्यावर म्हणायचे, "माणूस बरा वाटतो. पण अजून सांगता येत नाही."

दफन झाल्यावर घरात कुजबूज सुरू झाली. भेटायला आलेला प्रत्येक जण तेच विचारायचा. तिथं एवढं काय काम होतं? चहात काय होतं? त्या माणसानं घरी आधी का नाही कळवलं? मुलगासुद्धा म्हणाला, "मामा, जरा चौकशी करायला हवी." आक्का सगळं ऐकून घ्यायची. एक दिवस तिनंच मला गाडी काढायला लावली.

रंगनाथच्या शेडमध्ये आम्ही बाजेवर बसलो.  काही विचारायच्या आत त्यानंच सगळं सांगितलं. दाजी कसे वाकले, पिकअपमध्ये मांडीवर डोकं घेऊन त्याची बायको कशी बसली, वाटेत दाजी दोनदा काय म्हणाले… "दाराचं बघा." मला त्याचा अर्थ कळला नाही. रंगनाथ उठला. मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या वर एका खिळ्याला किल्ली टांगलेली होती, ती काढून त्यानं आक्कापुढं धरली.

"तुमच्या घराची हाय. लई दिवस झालं, त्यांनीच ठिवली. म्हनले, पोरगं पुन्यात, मला काय झालं तर बाई आत एकटी ऱ्हाईल. तू दूध घालायला रोज सोनईत येतोच, दार उघडून बघ. मी म्हनलो, शेजाऱ्यांकडं ठिवा की. तर म्हनले, त्यांचा भरवसा न्हाई."

घराची दुसरी किल्ली आहे हे आक्कालाही माहीत नव्हतं. तिनं ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. बाहेर कुणाची तरी मोटार सुरू झाली आणि पाटात पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. आक्का उठली, मोटारीच्या खोलीत गेली आणि टाचा उंचावून तिनं किल्ली पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली.

"राहू दे इथंच," ती म्हणाली, "मी आता खरंच एकटी असते."