उठणारच होतो

"हातपाय शाबूत आहेत, बोलणं शाबूत आहे. बिघडलंय ते सुरुवात करणं," नागपूरचे मेंदूचे डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून म्हणाले. "हा फ्रंटल लोब, म्हणजे कपाळामागचा मेंदू. तापात इथे सूज आली होती, तिला एन्सेफलायटिस म्हणतात. सूज उतरली, पण इजा राहून गेली. आता यांना जे झालंय ती ॲपथी. हा आळस नाही आणि उदासपणाही नाही. काय करायचं ते माणसाला कळतं, पण आतून 'चल, उठ' असं कोणी म्हणतच नाही."

माझे मिस्टर सुधाकर बाजूच्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होते. डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला काही त्रास वाटतो?"

"काई नाई, सर. एकदम फस्क्लास."

मी वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीची अंगणवाडी सेविका. दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करण्यात जन्म गेला, घरातला माणूस कुठे हरवला ते मात्र कळलं नाही. तुमच्या घरी मोठ्या तापातून उठलेला माणूस फारच शांत झाला असेल, तर त्या शांतपणावर विश्वास ठेवू नका. आम्ही ठेवला होता.

ताप आला तो उन्हाळा सरताना. चंद्रपूरच्या दवाखान्यात आधी आयसीयू, मग वॉर्ड. माणूस जिवंत घरी आला यातच सगळं मिळालं असं वाटलं. पावसाळ्यात जंगलाचा गाभा बंदच असतो, त्यामुळे कामाची घाई नव्हती. सुधाकर सकाळी ओसरीवरच्या खाटेवर बसत आणि बसूनच राहत.

आता यात कोणाला काय वावगं दिसणार? हा माणूस सफारीचा गाइड. पाणवठ्यापाशी जिप्सी थांबवून हूं की चूं न करता बसणं हेच त्यांचं काम. पर्यटक चुळबुळ करत, पण हे पापणी हलवत नसत. चितळाचा कॉल आला, म्हणजे वाघ पाहून चितळ ओरडलं, की नुसता हात वर करत आणि ड्रायव्हर इंजिन बंद करी. दुसऱ्या कुठल्या गावात माणूस असा दिवसभर बसला असता तर लोकांनी डॉक्टर गाठला असता. आमच्याकडे कौतुक झालं. माझे दीर म्हणाले, "गाइड मानूस हाय, वयनी. वाघासाठी बसते, तं घरी नाई बसन का?" शेजारणींना तर माझा हेवा वाटायचा. नवरा पीत नाही, भांडत नाही, जेवायला उशीर झाला तर ब्र काढत नाही. मीही चार दिवस तोऱ्यात मिरवले, खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी अंगणवाडीतून आले, तर कौलातून पाण्याची धार लागली होती आणि ती थेट यांच्या खांद्यावर पडत होती. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, ओठ काळेनिळे झाले होते. खाट हातभर सरकवली असती तरी कोरडं होतं.

"पानी गळून राह्यलं," ते मला म्हणाले.

"मंग सरकले काऊन नाई?"

"सरकनारच होतो ना."

माझ्या अंगणवाडीतलं दोन वर्षांचं लेकरूही ओलं झालं तर भोकाड पसरतं. मग मात्र आम्ही नागपूर गाठलं.

डॉक्टरांनी तिथल्याच सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी सांगितलं, "आपण यांचं सेल्फ-रेग्युलेशन तपासू. म्हणजे स्वतःच स्वतःला चालवणं. काय करायचं ते ठरवायचं, सुरू करायचं, आपण कुठवर आलो ते बघायचं आणि चुकलं तर वाट बदलायची." त्या विचारत गेल्या, हे उत्तरं देत गेले.

"ठरवलेलं काम पूर्ण करता?"

"नेहमी."

"अडचण आली तर दुसरा मार्ग शोधता?"

"शोधतो ना."

"आपलं कसं चाललंय याकडे लक्ष असतं?"

"रोज."

मग तेच प्रश्न यांच्याबद्दल मला विचारले. मी नाही, नाही, नाही म्हणत गेले आणि हे माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी चारचौघांत त्यांची चुगली करतेय. मॅडम म्हणाल्या, "ते खोटं बोलत नाहीत. आपण चुकतोय हे जो भाग सांगतो, त्यालाच इजा आहे." ज्याला आपलं दुखणं दुखतच नाही, त्याला बरं कसं करायचं?

मॅडमनी त्यांना एक ध्येय ठरवायला सांगितलं. एका क्षणात उत्तर आलं, "पार्क उघडलं का पयल्या सफारीले जानार." मला रडू फुटलं, पण आनंदाचं. ठरवता तर येतंय! मॅडम सावध होत्या. त्या म्हणाल्या, ठरवणं आणि निघणं मेंदूत वेगळं असतं. घरी सराव करा. आणि सरावातही, त्या दिवशीही यांना उठा म्हणू नका. तुम्ही सांगितलं तर ते उठतीलच. स्वतःहून उठतात का, तेच बघायचंय.

आम्ही सराव केला. मोबाइलला अलार्म लावला, तो वाजला की हे बंद करत आणि बसून राहत. गणवेशाचा शर्ट उशाशी ठेवला, तर तो हातात धरून बसत. विचारलं की म्हणत, "घालनारच होतो." जिप्सीचे ड्रायव्हर सलीमभाऊ, यांचे जुने सोबती, एकदा हे बघून म्हणाले, "वहिनी, इंजिन बराबर हाय. स्टार्टर गेला. धक्का मारला तं चालते." मी म्हटलं, धक्का मारायलाच मनाई आहे.

गाइडांच्या पाळीत यांचं नाव अजून होतं. पहिल्या दिवशी दुसऱ्या गाइडासोबत नुसतं मागे बसून यायचं आणि जमलं तर नाव ठेवायचं, असं ठरलं होतं. म्हणजे त्या सकाळी हा माणूस खाटेवरून दारापर्यंत स्वतःहून चालला, तर आमचा जुना संसार परत मिळणार होता. मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. आमच्यात नवस बोलत नाहीत, नाहीतर तोही बोलले असते.

त्या सकाळी माझ्या सांगण्यावरून त्यांनी गणवेश घातला, बूट घातले आणि खाटेवर बसले. फाटकाशी जिप्सी आली. सलीमभाऊंनी हॉर्न दिला.

"गाडी आली," हे म्हणाले.

"हो."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, कारण 'उठा' हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. दुसरा हॉर्न झाला. यांनी मान वळवून गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत उत्सुकता होती, अगदी पूर्वीसारखी. फक्त माणूस हलला नाही. पर्यटक घड्याळं बघत होते. सलीमभाऊ माझ्याकडे बघत राहिले आणि शेवटी मीच त्यांना हातानं 'जा' म्हटलं.

धूळ खाली बसल्यावर हे म्हणाले, "निंघनारच होतो."

मी मागच्या अंगणात गेले आणि धुण्याच्या दगडावर बसून रडले. हे तापात गेले असते तर निदान रडायची सोय झाली असती, असंही मनात आलं. आलं ते लिहिलं.

पुढच्या खेपेला मॅडमनी स्पष्ट सांगितलं की आता यापुढे फार सुधारणा होईल असं वाटत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं ध्येय काय आहे?"

"यायले पयल्यासारखं करनं."

"ते होत नाहीये, हे दिसतंय ना?"

"दिसते."

"मग दुसरा मार्ग शोधताय?"

"शोधनारच होते," मी म्हणाले, आणि माझ्याच तोंडून यांचे शब्द ऐकले.

गळक्या कौलाखाली मीही बसले होते. खांदा भिजत होता, आणि मी हातभर सरकले नव्हते.

गाइडांच्या पाळीतून यांचं नाव काढा, असं मी स्वतःच जाऊन सांगून आले. यानं बरं वाटतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मला अजून बरं वाटलेलं नाही. पण मॅडमचे उपकार मानते, आणि सलीमभाऊंचेही. ते अजून रोज सकाळी फाटकाशी एक हॉर्न देऊन जातात.

परवा संध्याकाळी नाल्याच्या बाजूनं चितळाचा कॉल आला. मी अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. यांचा हात झटकन वर झाला. "थांब. नाल्याकडून येते." मी जागीच थांबले. बाहेरून हाक आली की ओ देतात, एवढाच त्याचा अर्थ, हे आता मला कळतं. त्यावर घर बांधायचं नाही, हेही कळतं.

आता मी मनाई पाळत नाही. सकाळी हॉर्न वाजला की खाटेपाशी जाते आणि म्हणते, "उठा."

ते उठतात. "उठनारच होतो," म्हणतात.

"हो," मी म्हणते, आणि तोंड धुवायला पाणी काढून देते.