राणीची कुंडी

भांडण कानावर पडलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि दगडांच्या ढिगामागे बसून चोरलेली साखर चाटत होती. बाप पाथरवट. गल्लीच्या कोपऱ्यावर पाण्याचा खांब उभारत होता. काळा दगड, वर पितळी माशाचं तोंड, त्याखाली कुंडी.

"आणि ही खाली दुसरी कुंडी कशाला?" नळवाला तडकला. "माझ्या कामाचा खोळंबा!"

"माझ्या राणीचं तोंड तिथवर पोचलं पाहिजे. तुझा खोळंबा गेला खड्ड्यात."

राणी म्हणजे तीच की! त्या एका वाक्यावर तिने सासर काढलं, वैधव्य काढलं, खांबाशेजारी इस्त्रीचं टेबल मांडून चाळीस वर्षं काढली. रोज सकाळी खालची कुंडी घासायची, तिच्यातलं ओंजळभर पाणी प्यायचं, मग कपड्यांवर शिंपडायला माशाखाली तांब्या भरायचा.

एक दिवस पाणीखात्याचा कारकून आला. खालच्या कुंडीला लोक अडखळतात, तोडायची म्हणाला. "पोरांसाठी केलेली असेल तर राहील. जनावरांची असेल, तर आता इथे जनावर आहे कुठे?"

"माझ्यासाठी केलीय!" म्हणत तिने साक्षीला नळवाल्यालाच धरून आणलं. आता पार थकलेला.

"राणीसाठीच," म्हातारा म्हणाला. मग डोकं खाजवत, "पण अगं, तुझ्या बापाची दगड वाहणारी गाढवीही राणीच. एक हाक मारली की दोघी यायच्या. कुठली राणी, ते मी कशाला विचारतोय?"

तिने टेबलाचा काठ धरला. हाक आठवली, धावणंही आठवलं. गाढवी आपल्यामागून का यायची, हे आज कळलं. की आपणच तिच्यामागून जायचो? हसावं की रडावं, तेही कळेना.

"मावशी, काय लिहू?"

"राणीसाठी लिहा. खोटं तर नाही ना?"

कचेरीत मग ही राणी कोण, यावर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. राणीची कुंडी फोडायला कोणी धजेना.

तिच्या शेवटच्या सकाळीही ती ब्रश घेऊन गेली. कुंडी घासली. इस्त्री करकरून पाठ इतकी वाकलेली, की ओंजळ लागलीच नाही. तोंड सरळ पाण्याला लागलं. पोटभर प्यायली, तांब्या भरला आणि कारकुनाच्या सदऱ्यावर शिंपडायला परतली.